मतदानाच्या दिवशीचं दर्शन

सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. लग्न होऊन रत्नागिरीकडून इतक्या लांब, कळमनुरीच्या बाजूच्या या गावात आले, तेव्हा ज्वारीची भाकरी थापायलाही येत नव्हती. घरमालकाच्या मायनं शिकवली. नवरा वारल्यावर रस्त्यालगतची खोली खानावळीसाठी तिनंच लेकाकडून मिळवून दिली. ते उपकार मी विसरलेले नाही.

त्याच लेकानं माझ्या भिंतीला लागून देशी दारूचं दुकान उघडलं. गावात दोन होतीच, हे तिसरं. माझ्याकडे कॉलेजच्या पोरी जेवायला यायच्या. दारात झोकांड्या खाणारे दिसायला लागले, तशा एकेक करून यायच्या बंद झाल्या. गल्लीतल्या बायका नगरपंचायतीत गेल्या, तर तिथला बाबू म्हणाला, "आमी फकस्त ना हरकत दिली, परवाना जिल्ह्याचा. मला काहून विचारता?"

मग बायकांनी सह्या गोळा करून दुकान बंद करण्यासाठी मतदान मागितलं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. वॉर्डातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीला मत दिलं, तर दुकान बंद. मी भाडेकरू, सही करायची माझी हिंमत झाली नाही. पण मत गुप्त असतं, असं मतदान घ्यायला आलेल्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

मालकानं प्रचार केलाच नाही. मतदानाच्या दिवशी औंढ्याला बायकांसाठी फुकट गाड्या ठरवल्या. आदल्या सकाळी माझ्या दारात आला.

"वहिनी, उद्या गाडीत बसा. नागनाथाचं दर्शन करा, जेवण आमच्याकडून."

"उद्या मतदान आहे."

"मग? उभीला द्या असं म्हणून राहिलो का मी? कोणालाच देऊ नका. माय येऊन राहिली, तिच्या बाजूला जागा धरली तुमाला."

मायचं नाव घेतल्यावर मला नाही म्हणवेना. मी कोकणातली म्हणून मला भातवाली म्हणणारी समोरची शेजारीण हसली, "जा की भातवाले. फुकट हाय, वर पुण्य."

मतदानाच्या सकाळी पोट दुखतंय असा निरोप धाडला. गाड्या गेल्यावर शाळेत जाऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारला.

संध्याकाळी निकाल लागला. पडलेल्या मतांत उभीला जेमतेम दोन-चार. बाकी सगळ्या आडव्या. तरी एकूण बायकांच्या निम्म्या भरेनात. गाडीत बसलेली प्रत्येक बाई मत न देताच दुकानाच्या बाजूनं धरली गेली.

गाड्या परतल्या तसा मालक आला. मागं माय.

"पोट बरं झालं का, वहिनी? शाळेच्या दारात दिसल्या म्हणे."

"मी कोणाला मत दिलं, ते तुम्हाला काय ठाऊक?"

"उभीवाली कशाला जाते शाळेत? तिचं काम घरी बसून होते. जी गेली ती माझ्या विरोधात, त्याला चिठ्ठी पाहावी लागत न्हाई. खोली खाली करा."

मायनं माझ्या हातावर प्रसाद ठेवला. मग लेकाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी तिच्या पाया पडले आणि परात, तवा बांधायला घेतला.