तानपुऱ्याशेजारची परात

सोलापूरच्या उन्हाळ्यात तानपुऱ्याच्या भोपळ्याला तडा जातो. म्हणून माझे वडील त्याच्याशेजारी पाण्यानं भरलेली परात ठेवायचे. लग्नानंतर तो तानपुरा माझ्याबरोबर बोईसरला आला आणि मीही इमानेइतबारे परात भरू लागले. तीही भर आषाढात. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम तेव्हा चालू होतं, यजमान तिथं कामाला होते, आणि समुद्राच्या हवेची मला काडीचीही कल्पना नव्हती.

बघता बघता तारा गंजू लागल्या, भोपळ्यावर बुरशीची पांढरी लव आली. यजमान म्हणाले, "गणपतीत सुरात वाजला तर राहू दे. नाहीतर सोलापूरला परत पाठवू. तू पेटीवर गा."

पेटीवर गा म्हणे. तानपुरा गेला की माझं गाणंही गेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

एकदा दाराशी आलेली सातपाटीची मासेवाली आत डोकावली आणि हसतच सुटली. "बाय, या हवेत आमची सुकी मच्छी पन नरम पडते. तू आनखी पानी कशाला ठेवतेस?"

मी अशी ओशाळले की परात उचलली ती थेट मोरीत रिकामी केली.

मग मात्र मी हट्टालाच पेटले. तारा सैल केल्या, कोरड्या फडक्यानं पुसून त्यांना खोबरेल तेलाचं बोट लावलं. ओल आलेल्या भिंतीपासून तानपुरा हलवून खोलीच्या मधोमध आणला. यजमान त्याला अडखळायचे आणि कुरकुरायचे. तांदूळ कोरडे भाजून गार करायचे, मलमलीच्या पुरचुंड्या बांधून गवसणीत ठेवायच्या, सर्दावले की पुन्हा भाजायचे. शेजारीण विचारायची, "आज काय शिजतंय?" मी सांगायची, "तानपुरा."

गणपतीत मांडवावर पाऊस कोसळत होता. पेटीवाले पेटी पुढ्यात ओढून तयारच बसलेले. मी खुंट्या पिळल्या. षड्ज लागला, आणि लागून राहिला. तीन भजनं झाली तरी एकही तार उतरली नाही. मला हसू आवरेना. तोंडभर हसत गाणारी बाई लोकांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

घरी येताना तानपुरा यजमानांच्या खांद्यावर होता. मी म्हटलं, "आता हा कुठंही जायचा नाही."

"जायचा असं कोण म्हणालं?"

म्हणाले होते, चांगलं ठणकावून म्हणाले होते. पण मी भांडले नाही. घरातली एकुलती एक छत्री त्यांनी तानपुऱ्यावर धरली होती आणि आम्ही दोघं चिंब भिजत चाललो होतो.