जीवरामचं नाक

असोद्याच्या जीवराम महाजनने उभ्या आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता, आणि तरी कोणती व्हिस्की घ्यावी हे विचारायला लोक भुसावळहून, धुळ्याहून त्याच्याकडे यायचे. जळगावात स्टेशनच्या बाजूला एका वाईन शॉपच्या काउंटरवर तो एकवीस वर्षं उभा होता. त्याआधी केळी पिकवायच्या वखारीत होता. तिथलं दार उघडलं की माल आज काढायचा की उद्या, हे तो नुसत्या वासावर सांगायचा.

हे नाक दारूच्या दुकानातही कामाला येईल, हे त्याला भारंबे सरांनी दाखवलं. सुकदेव भारंबे कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेले, पिंप्राळ्यात राहायचे. शनिवारी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि फळ्यांवरच्या बाटल्या वाचत अर्धा तास उभे राहायचे. एकदा त्यांनी दोन बाटल्यांकडे बोट केलं.

"या दोन्हींत फरक काय रे?"

"किमतीचा," जीवराम म्हणाला.

सर खळखळून हसले. पुढच्या शनिवारी ते घरून औषधाच्या चार बारक्या बाटल्यांत वेगवेगळ्या व्हिस्की भरून घेऊन आले. जीवरामच्या तळहातावर एक थेंब टाकून म्हणाले, "चोळ आणि हुंग. प्यायची नाहीय तुला."

पहिली मक्याची, अमेरिकेतली. जीवरामला व्हॅनिलाच्या आईस्क्रीमचा वास आला. दुसरी आयर्लंडची, तीनदा गाळलेली, इतकी हलकी की चटकन उडून गेली. तिसरी शेरी वाईनच्या जुन्या पिंपात मुरलेली. तिला भिजवलेल्या काळ्या मनुकांचा वास होता. चौथी हुंगली आणि तो मागेच सरकला.

"सर, हा तर भरिताचा धूर! कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतो ना आम्ही, तोच!"

"बरोबर ओळखलंस. स्कॉटलंडच्या बेटांवर दलदलीतली माती वाळवून जाळतात, तिच्या धुरावर जव सुकवतात," सर म्हणाले. "चार-चार पुस्तकं वाचून लोकांना जे कळत नाही, ते तुला एका थेंबात कळलं."

त्या दिवसापासून जीवरामची गिऱ्हाइकाशी बोलायची तऱ्हाच बदलली. कुणी चांगली व्हिस्की मागितली, की तो आधी विचारायचा, "भरीत आवडतं का शिरा?" शिरेवाल्याला मक्याची, सुकामेवा खाणाऱ्याला शेरीच्या पिंपातली, पहिल्यांदाच घेणाऱ्याला आयरिश. भरीतवाल्यालासुद्धा धुराची बाटली तो एकदम द्यायचा नाही. आधी मित्राकडे घोटभर चाखा, मग या, म्हणायचा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पिंपातली व्हिस्की लवकर मुरते आणि लवकर उडूनही जाते, हेही तो सरांकडून शिकला होता. रविवारी दुपारी सरांच्या घरी तिघे-चौघे शौकीन जमत, तेव्हा सर त्याला मुद्दाम बोलावत. ते एकेक पेग घेत आणि जीवराम फक्त ग्लास हुंगत असे. सरांच्या पत्नी प्रमिलाबाई त्याला ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी वाढायच्या. "हाच एक शहाणा आहे तुमच्यात," म्हणायच्या.

प्रमिलाबाई गेल्या त्या एका आजारात, आठ दिवसांत. रविवारच्या बैठका बंद पडल्या. सर शनिवारी येत ते मंगळवारीही येऊ लागले, मग एक दिवसाआड, मग रोज. जीवरामच्या ते लक्षात येत होतं. पण ज्याला चव कळते तो दारुडा होत नाही, असं त्याने मनाशी पक्कं धरलं होतं. एका दुपारी सर आले, फळीकडे पाहिलंच नाही. शर्टाची बटणं वरखाली लागलेली होती.

"कोणती देऊ, सर?"

"कोणतीही दे."

जीवरामने पुन्हा एकदा त्या बटणांकडे पाहिलं. तरी त्याने बाटली काढली, पिशवीत घातली आणि दिली. असे दोन महिने गेले.

मग नाशिकहून सरांची मुलगी हेमांगी आली. दुकानात गर्दी असताना सरळ काउंटरशी येऊन म्हणाली, "जीवरामभाऊ, बाबांचं लिव्हर गेलंय. डॉक्टरांनी एक थेंबही नाही म्हणून सांगितलंय. तुम्ही त्यांना देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सर आले तेव्हा जीवरामने हात जोडले. "सर, माफ करा. मी नाही देणार."

"सगळ्या गावाला तू निवडून देतोस," सर हळूच म्हणाले, "आणि मला नाही?" आणि निघून गेले. पुन्हा त्या दुकानात आले नाहीत. जीवरामला वाटलं, दारू सुटली.

तीन महिन्यांनी एका लग्नासाठी तो भुसावळला गेला. सकाळचे दहा वाजले होते. देशी दारूच्या दुकानाबाहेर, बाकड्यावर, सर बसलेले. डोळे पिवळे, पोट फुगलेलं, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून ते रोज गाडीने इथवर येत होते.

जीवराम शेजारी बसला. "सर, हे? तुम्ही?"

"हिला वास नाही, चव नाही," सर म्हणाले. "बरं असतं. काही आठवत नाही."

लग्न सोडून त्याने सरांना रिक्षात घातलं आणि थेट जळगावच्या दवाखान्यात आणलं. हेमांगी आली. सतराव्या दिवशी सर गेले.

तेराव्यानंतर हेमांगीने त्याला घरी बोलावलं आणि कपाट उघडून दाखवलं. आत अकरा बाटल्या होत्या, सगळ्या निवडक, रविवारच्या बैठकांतल्या. आईच्या आजारपणानंतर एकीलाही हात लागलेला नव्हता. शेवटी शेवटी सर जे मिळेल ते पीत राहिले, पण या त्यांनी विटाळल्या नाहीत.

"घेऊन जा या," ती म्हणाली. "मला बघवत नाहीत."

जीवरामने त्या नेल्या नाहीत. मोरीत बसून एकेक उघडली आणि ओतली. मनुका, धूर, व्हॅनिला, सगळं घरभर झालं. दहावी ओतताना तो खाली बघूनच म्हणाला, "ताई, तुम्ही यायच्या आधी दोन महिने मी देत होतो. मला कळत होतं."

"माहीत आहे," हेमांगी म्हणाली. "तुमच्या दुकानाच्या पिशव्या होत्या घरात." तिने नळ सोडला.

त्या दिवशी घरी येऊन तो ताटावर नुसता बसून राहिला. "काऊन जेवत नही तुम्ही?" बायकोने, रत्नाने, विचारलं. भाजीचा वास सहन होत नाही, एवढंच तो बोलला.

महिनाभराने त्याने मालकाला सांगून काउंटर सोडला आणि मागच्या गोदामात खोकी मोजायचं काम मागून घेतलं. धुळ्याची जुनी गिऱ्हाइकं अजून येतात, जीवरामला बोलवा म्हणतात. तो बाहेर येत नाही.