बघू काका आणि नवी रायफल

बघू काका कुणाच्याही घरी गेले, तरी बसण्याआधी खुर्ची एकदा हलवून बघत. आमच्याकडे नवा कुकर आला तेव्हा शिट्टी काढून, फुंकर मारून, मगच त्यांनी आईला तो गॅसवर चढवू दिला. “अहो, नवीन आहे,” आई म्हणाली. “वहिनी, नवीन म्हणजे अजून कुणी न तपासलेलं,” काका म्हणाले. लक्ष्मीबाई नगरातल्या आम्हा मुलांनी त्यांना ‘बघू काका’ नाव ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि बहुधा आवडतही होतं.

सैन्यात त्यांनी आयुष्यभर जवानांना नेमबाजी शिकवली. निवृत्तीनंतर गुरुग्रामच्या पुढे एका खासगी रेंजवर ते मुलांना शिकवू लागले आणि बाबांच्या मागे लागून मलाही घेऊन गेले. पहिले कितीतरी रविवार मला गोळी मिळालीच नाही. नळीचं तोंड कायम निशाणाकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि हातात आलेली प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून आधी उघडून बघायची, एवढंच शिक्षण. कंटाळून मी एकदा म्हणाले, “काका, तुम्ही आत्ताच बघितलीत ना?”

“बघितली. पण माझ्या शब्दावर जायचं नाही, बाळ. बिल्कुल नाही.”

मी कॉलेजात गेल्यावर परवान्याचे सगळे सोपस्कार होऊन माझी स्वतःची रायफल आली. ती पहिल्यांदा तपासायचा मान अर्थात काकांचा. बाबा, रेंजवरची मुलं, त्यांचे पालक, सगळे मागे उभे राहिले. काकांनी बोल्ट काढून बाजूला ठेवला. गोळी बसते ते चेंबर रिकामं असल्याचं बघितलं, वर करंगळीनंही चाचपलं. नळीवर कोरलेलं माप आणि गोळ्यांच्या डबीवरचं माप त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. मला वाटलं, शिकवताहेत. मग कारखान्याचं तेल पुसायला गजाला चिंधी लावून ती नळीतून फिरवली, नळी उजेडाकडे धरली, आत बघितलं आणि म्हणाले, “साफ आहे. घे.”

सवयीनं मीही आत बघितलं. पलीकडचा उजेड दिसायला हवा होता, तो दिसेना. वाटलं, आपणच तिरपं धरलंय. पुन्हा बघितलं.

“काका, आत काहीतरी आहे.”

त्यांनी नळी घेतली आणि बराच वेळ डोळा लावून ठेवला. “मला दिसत नाही,” ते हळूच म्हणाले. मग गज पुन्हा आत घातला, तशी दुसऱ्या टोकातून तेलकट चिंधी खाली पडली. त्यांचीच, गजावरून सुटून आत राहिलेली.

मागून एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, “सर, गोली चल जाती तो?”

“तो नली फट सकती थी,” काका म्हणाले. कानाच्या पाळ्यांपर्यंत ते लाल झाले होते. क्षणभर वाटलं, आता चिंधीला नावं ठेवतील, गजाला ठेवतील. पण ते सगळ्यांकडे वळून सावधान उभे राहिले. “गलती मेरी है। आँखों में मोतिया है। कई महीनों से छुपा रहा था, कि सिखाना बंद न हो जाए।”

मग माझं कौतुक सुरू झालं. शाबास, काय नजर आहे मुलीची. प्रत्येक शाबासकीसरशी माझी मान आणखी खाली गेली. काका तिथेच वाकून चिंधी उचलत होते.

त्याच दुपारी त्यांनी रेंजच्या ऑफिसात जाऊन काम सोडलं. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भावाकडे सांगलीला कायमचेच निघाले, तेव्हा मी आणि बाबा स्टेशनवर गेलो. बाबा पाणी आणायला डब्यातून उतरले तशी मी म्हणाले, “काका, मी गुपचूप सांगायला हवं होतं. सगळ्यांसमोर नको होतं.”

“गुपचूप सांगितलं असतंस, तर मी अजून शिकवत राहिलो असतो,” ते म्हणाले. “आणि एखाद्या दिवशी कुणाचं तरी पोर...”

“लाज वाटते गं,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “अजून झोपताना वाटते. पण ही लाज परवडली.”