एडक्याचं कातडं

सकाळी नऊनंतर सिद्धाप्पाच्या घरात दुसरं माणूस नसायचं. मुलगा शिवराज टॉवेलच्या कारखान्यात आणि सून सोनाली एका दवाखान्यात कामाला. दोघं गेली की तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आवाज उरायचा तो पंख्याचा. कधी कधी संध्याकाळ झाली तरी दिवसभरात आपण एक शब्दही बोललो नाही, हे सिद्धाप्पाच्या ध्यानात यायचं.

सांगोल्याकडं त्याची दीडशे मेंढरं होती. बायको अंबुबाई गेली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि शिवराजनं कळप विकून बापाला सोलापुरात आणलं. येताना सिद्धाप्पानं मागच्या संसारातली एकच वस्तू उचलली. एका एडक्याचं, लोकरीसकट कमावलेलं कातडं. पिलू असतानाच त्या एडक्याची आई मेली होती. अंबुबाईनं त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं. म्हातारा होऊन तो आपल्या मरणानं मेला, तेव्हा हट्ट धरून तिनंच कातडं राखायला लावलं.

हायवेच्या कडेला एक लहानसा गुरुद्वारा आहे. उन्हाचं पाणी मागायला म्हणून सिद्धाप्पा एकदा आत गेला, तर त्याला पंगतीतच बसवलं. गाव, जात कुणी विचारली नाही. दुसऱ्या दिवशी पाय तिकडंच वळले, तिसऱ्या दिवशीही. तिथले ग्रंथी, म्हणजे ग्रंथाचा पाठ करणारे, ज्ञानी अजायबसिंग, जन्मानं नांदेडचे. मराठी बोलायचे. "या आप्पा," एवढं म्हणायचे, पण रोज म्हणायचे.

दोन महिने गेले आणि सिद्धाप्पाच्या मनात टोचायला लागलं. आपण रोज जेवतो, देत काहीच नाही. उद्या कुणी म्हणालं, हा म्हातारा इथं कोण, तर काय सांगायचं?

ज्ञानीजी पाठ संपवून उठताना गुडघे चोळायचे. सगळ्यांसारखीच त्यांच्याखालीही एक पातळ चादर. सिद्धाप्पाच्या गावातल्या मठातला गोसावी हरणाच्या कातड्यावर बसायचा. महादेवाच्या तसबिरीत वाघाचं कातडं. जप करणाऱ्याखाली कातडं हवंच, यात त्याला शंका नव्हती. त्यानं कातडं उन्हात टाकलं, लोकर विंचरली, धुतलेल्या धोतरात गुंडाळलं आणि नेऊन ज्ञानीजींपुढं ठेवलं.

"तुमाला आणलंय बाबाजी. बसायला. लई ऊबदार हाय."

ज्ञानीजींनी लोकरीवरून हात फिरवला. मग हळूच घडी घातली.

"आप्पा, हे आम्हाला चालत नाही. जोगी लोक कातड्यावर बसतात. सगळं सोडलं, वासना मारली, याची ती खूण. आमचे गुरू म्हणाले, खूण कशाला? मन बसलं पाहिजे. आणि इथं राजा आला तरी सगळ्यांबरोबर जमिनीवर. मी एकट्यानं मऊ आसन घेतलं तर उंच झालो की नाही?"

सिद्धाप्पाला त्यातलं 'चालत नाही' एवढंच ऐकू आलं. तो गठुडं उचलून निघाला. त्या दिवशी जेवलाही नाही.

नंतर आठ दिवस तो गेला नाही. दुपारी सोनालीनं झाकून ठेवलेलं ताट उघडायचं, दोन घास खायचे, पुन्हा झाकायचं. एका दुपारी त्यानं ते कातडं फरशीवर अंथरलं आणि मांडी घातली. बघू, ज्ञानीजी म्हणाले तसं मन बसतं का. डोळे मिटले, तर समोर अंबुबाई. पदर खोचलेला, हातात बाटली, आणि ते पिलू तिला ढुशा देतंय. ती हसून ओरडतेय, "आरं थांब की मुडद्या!" सिद्धाप्पानं डोळे उघडले. उठताना गुडघ्यांपेक्षा छातीच जास्त दुखत होती.

नवव्या दिवशी तो पुन्हा गुरुद्वाऱ्यात गेला. आत जायचा धीर होईना, म्हणून पायरीवरच बसला. ज्ञानीजी बाहेर आले.

"कुठं होता आप्पा? रागावला?"

"राग कशाचा. मी फुकट खातो हितं. द्यायला तेवढंच हुतं. ते बी तुमी घेतलं न्हाई."

ज्ञानीजी शेजारी टेकले. "बसून बघितलं त्याच्यावर?"

"व्हय."

"मन बसलं?"

"कुटलं! निस्तं धावलं. सगळं माझं मागचंच हाय की त्यात."

"मग ते मला देऊन तुमच्याकडं काय राहिलं असतं?"

ज्ञानीजींनीच पुढं विचारलं, "दीडशे मेंढरं होती म्हणत होता ना? ओळखायची कशी?"

"तोंडावरनं. आनी कशी?"

"मग चला."

दाराजवळच्या खोलीत फळ्यांवर चपला-बूट लावलेले होते. त्या दिवशी गर्दी होती. जोडांचे नंबराचे बिल्ले हरवतात, जोड अदलाबदल होतात, रोज भांडणं. "ही सेवा मोठी मानतात आमच्यात," ज्ञानीजी म्हणाले. "सगळ्यांचं कातडं बाहेर, तुमच्या ताब्यात." आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

सिद्धाप्पानं डोक्याला रुमाल बांधला. लोक येत गेले, तो माणसाकडं बघायचा, जोडाकडं बघायचा, फळीवर ठेवायचा. परतताना माणूस दिसला की त्याचा जोड पुढं. बिल्ला लागलाच नाही. एक ट्रकवाला मुद्दाम दुसऱ्याच जोडाकडं बोट दाखवून म्हणाला, "ये मेरा है, चाचा."

"न्हाई. तुजा टाचंला झिजलाय. डावीकडं."

ट्रकवाल्यानं कान पकडले.

आत कीर्तन चाललं होतं. भिंतीआडून ते सिद्धाप्पाला अर्धंमुर्धं ऐकू यायचं. लोक जोड घालायचे, हात जोडायचे, निघून जायचे. थांबून बोलायला कुणाला वेळ नव्हता. पण आज त्याला कुणी 'तू इथं कोण' असं विचारलं असतं, तर सांगायला उत्तर होतं.

दुपारनंतर फळ्या रिकाम्या झाल्या. त्यानं त्या ओल्या फडक्यानं पुसल्या. खाली कोपऱ्यात एकच जोड उरला, त्याचा स्वतःचा. त्यात त्यानं सावकाश पाय घातले आणि घराकडं निघाला. घराला कुलूप होतं. किल्ली त्याच्याच खिशात होती.