होळी ते दसरा, बेट आमचं

नागपुरातल्या आमच्या मनीषनगरच्या घरातून कुठल्याही दिशेला निघालात तरी समुद्र गाठायला रात्रभर गाडीत बसावं लागतं. तरीही गेली कित्येक वर्षं आमच्याकडे एका बेटावरून भांडण चालू आहे. बेट दक्षिण अटलांटिक महासागरात, पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला. तशी तिथे बेटं पुष्कळ आहेत, पण भांडायला सोयीचं म्हणून आम्ही एकच म्हणतो. ब्रिटन म्हणतं आमचं, अर्जेंटिना म्हणतं आमचं. दोघांनी नावंही वेगवेगळी ठेवली आहेत, म्हणून मी इथे नाव लिहीत नाही. आमच्या घरात नुसतं नाव घेतलं तरी तुम्ही कोणत्या बाजूचे ते ठरतं, आणि दुसऱ्या बाजूचा माणूस चहा अर्धा टाकून उठतो.

दोन बाजू म्हणजे माझे सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते, आणि त्यांचे बालमित्र, ज्यांना सगळं घर काका म्हणतं. दोघं मूळचे नागपूरजवळच्या खाप्याचे. कन्हानच्या काठी वाढले, एका बाकावर बसून शिकले आणि शाळेत असतानाच दोघांनी मिळून परदेशी टपाल तिकिटांचा अल्बम सुरू केला. अल्बम एकच. दोन घ्यायची ऐपत नव्हती, आणि एकाकडेच ठेवावा एवढा विश्वास नव्हता. म्हणून ठरलं की होळी ते दसरा तो बाबांकडे राहील आणि दसरा ते होळी काकांकडे. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, बाबा मनीषनगरात आले, काका शहरातच हुडकेश्वरला गेले. काकू वारल्या. पण पाळी कधी चुकली नाही. दसऱ्याला काका आपट्याची पानं घेऊन येतात, बाबांच्या गळ्यात पडतात आणि अल्बम बगलेत मारून घेऊन जातात.

अल्बममध्ये देशवार पानं आहेत. बेटाची तिकिटं चार: एकावर पेंग्विन, एकावर मेंढी, एकावर जहाज, एकावर देवमासा. चारही तिकिटांच्या कोपऱ्यात ब्रिटनचा राजा. बाबांच्या मते राजा दिसतो त्याअर्थी तिकिटं ब्रिटनच्या पानावर. काकांना हा पुरावा मान्य नाही. "चोर घरात घुसला का पहिले आपला फोटो लावते," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे अल्बम हातात आला की नव्या राज्यकर्त्याचं पहिलं काम म्हणजे बेट सोडवणं. तिकिटामागची डिंकाची बारीक पट्टी हळूच ओली करायची, बेट उचलायचं आणि आपल्या पानावर चिकटवायचं. वर्षातून दोन सत्तांतरं. इतक्या स्वाऱ्या झाल्यावर त्या तिकिटांचा कागद एवढा विरला आहे की पेंग्विन आता मागूनही दिसतो.

मी शाळेत भूगोल शिकवते. लग्न होऊन आले त्याच महिन्यात दोघांनी मला मधे बसवून विचारलं, "तू भूगोलवाली, तूच सांग वं, बेट कोणाचं?" मी समजूतदारपणे म्हटलं की हा वादग्रस्त प्रदेश आहे. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि ते हे की मला भूगोल येत नाही.

पुढे माझ्या लक्षात आलं की यांतल्या कोणाचंच समुद्राशी काही देणंघेणं नाही. बाबा एकदा पुरीला गेले होते, तिथेही सगळ्यांच्या चपला सांभाळत समुद्राकडे पाठ करून बसले होते. खरं भांडण प्लॉटचं आहे. काकांचा हुडकेश्वरला घराला लागून आणखी एक प्लॉट आहे. रजिस्ट्री काकांची, म्हशी दुसऱ्याच्या. काकांनी 'ही जागा खाजगी मालकीची आहे' अशी लोखंडी पाटी लावली, तर म्हशींना अंग घासायची सोय झाली. म्हणून काका कागदाच्या बाजूचे, म्हणजे जुन्या कागदांवर हक्क सांगणाऱ्या अर्जेंटिनाचे. बाबांचं बरोबर उलट. मनीषनगरात वस्ती नव्हती तेव्हा लेआउटवाल्यानं आमचा प्लॉट आणखी एकाला विकला होता. बाबांनी टिनाचं शेड ठोकलं आणि आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घेऊन त्यात राहायला आले. तो दुसरा माणूस कागद फडकावत आला तेव्हा आई पोळ्या लाटत होत्या. पेटलेली चूल पाहून तो जो गेला तो परत आला नाही. तेव्हापासून बाबांचा एकच कायदा: ज्याची चूल पेटली त्याची जागा. आणि ब्रिटननं बेटावर चुली पेटवल्या आहेत.

काका कधीकधी इतिहासही काढत. "वारस नाही म्हणून इंग्रजांनी अख्खं नागपूर गिळलं. तुले त्यांचा एवढा पुळका काहून गा?"

"नागपूर तं भेटलं ना परत," बाबा म्हणत. "उगाच जुनं उकरून नको राहू."

आईंनी एकदा मेथी निवडता निवडता विचारलं होतं, "तिथं माणसं राहतात का?"

"राहतात ना. मेंढ्या जास्त," बाबा म्हणाले.

"मग त्याहिले विचारा."

"विचारलं ना! मतदान घेतलं. जवळपास सारे म्हणाले, ब्रिटन!"

काका उसळले. "आणून बसवलेल्याले विचारून काय होते? माह्या प्लॉटवरच्या म्हशीले विचार, जागा कोणाची म्हणून. काय सांगन थे?"

आईंनी मेथीची जुडी उचलली आणि आत निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी या विषयात तोंड घातलं नाही.

बेटावर लंडनहून अजूनही गव्हर्नर नेमतात, आणि पूर्वी तो टोपीला पिसं लावून फिरायचा, हे बाबांनी कुठेतरी वाचलं. झालं. होळीनंतर आमच्या घरात गव्हर्नरचा कारभार सुरू व्हायचा. मे महिन्यात कूलरसमोर बनियनवर बसून मोबाइलवर बेटाचं हवामान पाहायचं आणि काकांना फोन करायचा, "आपल्या बेटावर आज बर्फ पडून राहिला गा." नळाला पाणी आलं का, याचा गव्हर्नरांना पत्ता नसायचा. आई हाक मारत, "गव्हर्नरसाहेब, सिलिंडर आलं, दार उघडा." तिकडे काका फोनवरच निषेध नोंदवत, आणि मग दोघं अर्धा तास गुडघ्यांवर बोलत.

मला या प्रकाराचा मनस्वी वैताग यायचा, हे खोटं कशाला सांगू? पेपर तपासायला बसलं की कानावर देवमासा. पण काकांच्या घरी ते एकटेच, आणि दिवसभरात त्यांना येणारा एकमेव फोन बर्फाचा, हेही दिसत होतं. म्हणून मी गप्प बसायचे.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी काका न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण पुण्याहून त्यांचा मुलगा धावत आला, आणि मग त्याचा मला फोन. म्हणाला, "वहिनी, आमच्या बाबांना मी दसऱ्यानंतर पुण्याला नेतोय, कायमचं. घर भाड्यानं देणार. तुमच्या बाबांना त्यांनी अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या तोंडून ते निघत नाही."

खरंच निघालं नाही. काका काठी टेकत आले आणि म्हणाले, "अल्बमची वाटणी करून टाकू."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना सगळं समजलं. पण त्यांनीही 'काहून' विचारलं नाही. म्हणाले, "करू ना."

जेवणाच्या टेबलावर वाटणी सुरू झाली. मी मधे, पंच म्हणून. मला वाटलं होतं डोकी फुटतील, पण दोघंही एवढे उदार झाले की मलाच कसंसं व्हायला लागलं. "हंगेरी तू घे गा, तुले आवडते." "नको, तूच ठेव, त्यातले घोडे तूच आणले होते." अख्खा आफ्रिका खंड चहाचं आधण उकळायच्या आत वाटून झाला. जर्मनी तर दोघंही घेईनात. आणि मग ब्रिटनचं पान आलं. पेंग्विन, मेंढी, जहाज, देवमासा.

"हे माह्याकडे येते," काका म्हणाले. "पुण्यात एवढं तरी सोबत राहन."

पुणे हा शब्द त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा आला. बाबांनी पानावर पंजा ठेवला. मला वाटलं, आता देतील. पण बाबा म्हणाले, "कायले? तू तं जागा सोडून चालला. चूल विझली का हक्क संपला."

बोलून गेल्यावर त्यांनाही ते ऐकू आलं असावं. काकू गेल्यापासून काकांच्या घरी डबा येतो. काकांनी काठी घेतली, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर गेले. चहा न घेता ते आमच्याकडून कधी गेले नव्हते. मला बाबांचा असा संताप आला की मी भांडी आदळत घासली. आईंनी तर दोन दिवस त्यांना नुसतं 'जेवा' एवढंच म्हटलं.

बाबांनी फोन उचलावा आणि दोन शब्द बोलावेत, बस. पण ते काही होईना. ते आवळ्याएवढं तोंड करून बसायचे आणि म्हणायचे, "त्याले करू दे न पहिले."

दसऱ्याला बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून पोर्चमध्ये बसले. पेपर उघडा, पान एकच. फाटकाशी रिक्षा वाजली की मान वर. "मी कोणाची वाट पाहून नाही राहिलो," हे त्यांनी न विचारता मला तीनदा सांगितलं. पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. काका आज आले नाहीत तर दोघांचं बोलणं असंच तुटलेलं राहणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दिवेलागणीला काका आले. आपट्याची पानं दिली, गळ्यात पडले, पण नेहमीसारखी पाठीवर थाप नाही. बाबांनी लगबगीनं अल्बम पुढे केला. "घे. तुही पाळी आहे."

"नको," काका म्हणाले. "तूच ठेव, बेटासकट. तू म्हणला थे बरोबर आहे. माही चूल विझली."

बाबा उठले. "चष्मा आणतो," म्हणाले आणि आत गेले. चष्मा नाकावरच होता.

काकांनी अल्बम मांडीवर घेतला. "एकडाव पाहून घेतो वं बेटा," म्हणाले, "आणि थोडं पाणी दे." मी पाणी दिलं आणि आत चहा टाकून आले तोवर त्यांनी अल्बम मिटून ठेवला होता. बाबा तोंड धुऊन बाहेर आले. काकांनी या वेळी चहा घेतला, सगळा संपवला, आईंना नमस्कार केला आणि गेले. आपण जे बोललो ते चुकलं, हे बाबांच्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही.

आणि अशा रीतीनं बेट कायमचं आमचं झालं. एवढा मोठा विजय, आणि आमच्या घरावर जशी सुतकी कळा. बाबा अल्बमला हात लावेनात. मी मुद्दाम विचारलं, "बाबा, बेटावर आज किती तापमान?" तर म्हणाले, "मले काय माहीत?" काकांचा फोन येत नव्हता, आणि बाबा करत नव्हते. भांडायला कोणी उरलं नाही की राज्य करायचं तरी कशासाठी? मला त्यांची फार दया आली, आणि दया आली याचाही राग आला.

दिवाळीची साफसफाई काढली तेव्हा कपाटावरचा अल्बम मी पुसायला खाली घेतला. सहज ब्रिटनचं पान उघडलं. पानावर बेट नव्हतं. चार तिकिटांच्या जागी जुन्या डिंकाचे चार पिवळे डाग, आणि मधोमध, कागदी पट्टीनं नीट चिकटवलेलं, आपट्याचं एक वाळलेलं पान.

मी हाक मारली. बाबा आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचे कान लाल झाले.

"चोरलं!" ते ओरडले. "पाहा! सणाच्या दिवशी, गळ्यात पडून चोरलं! पाणी मागितलं ना त्यानं? मी म्हणतो, पाणी काहून मागितलं!" इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज शेजारच्यांपर्यंत गेला. चेहरा असा फुलला होता की आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

फोन त्यांनीच लावला, स्पीकरवर. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"चोर!" बाबा म्हणाले.

"किती दिवस लावले गा पाहायले?" काकांचा आवाज. "मी रोज फोन घेऊन बसून राहतो इथं. बेट माह्याजवळ आहे. या घरात चहा मी बनवतो आता, सून म्हणते, तुमचाच चांगला होते. म्हणजे चूल माही पेटली. तुह्याच कायद्यानं बेट माहं."

बाबा खाली पाहत म्हणाले, "मी थे बोललो तवा माहं डोकं फिरलं होतं."

"माहीत आहे मले. ये घ्यायले."

त्याच संध्याकाळी मी पुण्याचं तिकीट काढायला बसले. आई शत्रूसाठी संत्र्याची बर्फी बांधत होत्या. परतीचं कधीचं काढू, असं मी विचारलं, तर बाबा म्हणाले, बेट ताब्यात आल्याबिगर मी येत नाही. मग मी काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "परतीचं नको काढू वं. मी इतक्यात सोडत नसतो."