सोनाबाईला आवतण

फोन आला तेव्हा आम्ही परभणीत लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधत होतो. दुकानदारानं शालू उलगडून धरलेला, आणि पूर्ण्याहून आक्कांची शेजारीण सांगत होती, गयाआक्का गेल्या... सकाळी चहा पिता पिता गेल्या. मी तिथंच गादीवर बसून मोठ्यानं रडले. गयाआक्का माझ्या थोरल्या नणंद. नणंद म्हटलं की लोक गालात हसतात, पण खरं सांगते, या घरात मी सगळ्यात जास्त भांडले ते त्यांच्याशी आणि सगळ्यात जास्त हसले तेही त्यांच्याशीच.

आमचं गाव पेडगाव, घर मेंढरंवाल्यांचं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी गेलेल्या माणसांना आवतण देतात. घरातल्या कर्त्या पुरुषानं एकेकाचं नाव घेऊन "जेवायला या" म्हणायचं आणि त्यांची ताटं मांडायची. आक्का लहान असताना त्यांचे आजोबा सगळी नावं संपली की चिमूटभर भंडारा दाराबाहेर उधळायचे, बिननावाचा. "ह्यो कुणाचा?" असं विचारल्यावर आक्कांना मुस्काटात बसली. तिथंच चुकलं आजोबांचं! आक्कांना गप्प बसवायला गेलं की त्या मुळाशी गेल्याशिवाय राहत नसत. पुढं आजीकडून एवढंच कळलं, की या घरची एक सून, सोना तिचं नाव, काळ्या पाण्यावर गेली. तिला नेलं त्या दिवशी घरादारानं तिच्या नावानं आंघोळ केली. जितीजागती बाई मेली म्हणून टाकली.

आक्कांना वैधव्य लवकर आलं. पूर्ण्याला रेल्वेत नोकरी करून त्यांनी आयुष्य ताठ मानेनं काढलं. रिटायर झाल्यावर भजनी मंडळात रमतील असं मला वाटलेलं, तर बाईसाहेब निघाल्या सोनाबाईला हुडकायला. पूर्वी आमची मेंढरं चारायला नगरकडं जायची. आपली निजामाची मोगलाई, तो मुलूख इंग्रजांचा, म्हणून तर शिक्षा तिकडच्या कायद्यानं झाली. आक्कांनी तिथल्या पडावाच्या गावी म्हाताऱ्यांना गाठलं. त्यांनी आपल्या आज्यांकडून ऐकलेलं ते सांगितलं. नवरा हरबा तिला गुरासारखा मारायचा. एका दुपारी तिनं कुऱ्हाड उचलली. लेक केरबा तेव्हा रांगत होता. हे सगळं घर त्या केरबाच्याच वंशाचं.

काळं पाणी म्हटल्याबरोबर भावकीच्या अंगात आलं. चौकात पाटी लावू म्हणाले, थोर क्रांतिकारक सोनाबाई! आक्का कडाडल्या, "इंग्रजाला न्हाई, नवऱ्याला मारलंय तिनं. हाय तसं म्हना!" पाटी लावायची राहूनच गेली.

मग रेल्वेच्या पासवर चेन्नई आणि पुढं जहाजानं अंदमान. ओकून ओकून अर्धा जीव झाला, पण परत फिरतील तर त्या आक्का कसल्या. तिथं जुन्या कैद्यांची नातवंडं-पतवंडं हिंदुस्तानी बोलतात. आक्का आपल्या मोगलाई हिंदीत "हौ", "नक्को" करत घरोघर बसल्या. एका घरात दक्खनच्या सोनाबाईची आठवण निघाली आणि मला तिथूनच फोन, "अगं, आपुन तिकडं आंघोळी करून मोकळं, अन् बया हितं दुसरं लगीन करून शेरडं राखीत बसली!" हसू आवरेना त्यांना. मग एकदम आवाज बदलला. "हितल्या लेकाचं नाव बी केरबाच ठिवलं गं तिनं..." त्यानंतर आम्ही दोघी नुसत्या रडत होतो, फोनचं बिल चढत होतं.

परत आल्या त्या एकच धरून, की आवतणात तिचं नाव घ्यायचं. मालक, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, ऐकेनात. "दुसऱ्याची बायकू झालेली ती. आन् हरबाचं बी नाव घेतो आपुन. ज्याला मारलं त्याच्या शेजारी जेवाय बसवू व्हय?"

"बसव की. आता काय तो हात उगारायचा न्हाई."

मालक तरातरा उठून गेले. थोरल्या मुलाच्या लग्नात त्यांनी नाव घेतलं नाही. आक्का त्या लग्नात जेवल्या नाहीत. पंगतीत वाढत फिरल्या, घास मात्र तोंडात घातला नाही. आणि यंदा लेकीची सुपारी फुटली, त्या दिवशी भावाचा हात धरून म्हणाल्या, "बाबू, ह्या टायमाला तरी... माझ्या कानानं ऐकू दे." हे म्हणाले, "बघू." तीच आमची शेवटची भेट. माणूस हटवादी असावं, पण इतकं? मला यांचा फार राग आला होता, अजून येतो.

घरात माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकतात, म्हणून तारीख तीच ठेवली. आवतणाला मालक उभे राहिले. एकेक नाव झालं, हरबाचं झालं आणि थांबले. मी ताटं घेऊन मागं उभी. मनात म्हटलं, आज यांनी नाव घेतलं नाही तर मीच घेते, मग होऊ दे काय व्हायचं ते.

त्यांनी घसा खाकरला. "केरबाची आई, सोनाबाई... लय उशीर झाला आमाला. जेवायला ये."

मी ताट वाढलं आणि विचारलं, "हरबाच्या शेजारीच मांडू?"

"मांड." मग उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "मधी आक्काचं मांड. भांडायला लागले तर सोडवील ती."