फिरतं तिकीट

वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालायचा त्या काळातली ही सुट्टी. आठवली तरी अजून पाय दुखतात.

मायला फक्त नाशिकला जाऊन गोदेत स्नान करायचं होतं. त्याला परतीचं तिकीट पुरलं असतं. पण मलकापूर स्टेशनात बाबांना कळलं की फिरतं तिकीटही मिळतं. ते काढलं की आठवडाभर हवं त्या गाडीत बसा. बाबांनी तेच घेतलं.

देऊळघाटला आमचा भाजीचा मळा होता आणि विहीर भावकीत सामायिक. आपली पाळी आली की मोट थांबवायची नाही. थांबली तर तेवढं पाणी गेलं म्हणून समजायचं. बाबांनी ते तिकीट तसंच वापरलं. नाशिकला मायचं लुगडं वाळायच्या आत आम्ही पुन्हा गाडीत होतो. मग नागपूर, मग वर्धा, मग उलटं मनमाड. गावं मी खिडकीतूनच पाहिली, आणि सगळीकडे तोच फलाट, तोच नळ.

शेवटच्या दिवशी सकाळी मलकापूरला उतरलो. माय गाठोड्यावर बसली ती उठेचना. म्हणाली, "अवो, भिजलं आता वावर. बैल सोडा."

"आजचा दिवस बाकी हाय," बाबा म्हणाले आणि एकटेच भुसावळच्या गाडीत चढले.

आम्ही दिवसभर फलाटावर बसून राहिलो. संध्याकाळी ते परत आले, डोळे तांबडे झालेले.

"काय पायलं?" मायनं विचारलं.

"झोप लागली होती," बाबा म्हणाले. "पण पाळी पुरी केली."